वीतभर उंचावर

माझा स्वभाव वाईट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की लपवलं. मी कारखान्यातल्या विजेच्या मोटारींचे ड्राइव्ह दुरुस्त करते. ड्राइव्ह म्हणजे मोटार किती वेगाने फिरवायची आणि कधी थांबवायची हे ठरवणारी कपाटाएवढी पेटी. बावीस वर्षं या पेट्यांसमोर उभं राहून माझं एक मत पक्कं झालं होतं: पेटी खोटं बोलत नाही, चालवणारी माणसं बोलतात. दहातल्या आठ ठिकाणी कोणीतरी भलतंच बटण दाबलेलं असतं आणि वर मशीनच खराब म्हणून गळा काढलेला असतो. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी इतक्या जणांना तोंडावर ऐकवलंय की काही कारखान्यांत मी दारात दिसले की ऑपरेटर चहाला निघून जातात.

माझी थोरली नणंद अशीच एक ऑपरेटर. पत्र्याला आकार देणाऱ्या कारखान्यात गेली एकोणीस वर्षं ती क्रेन चालवते. छताखालच्या केबिनमध्ये बसून दोन-दोन टनांचे लोखंडी साचे एका जागेवरून उचलायचे आणि दुसरीकडे ठेवायचे, हे तिचं काम. आमच्याच घरी वरच्या खोलीत राहते. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "एवढं जड धूड उचलायला हूक नव्हता."

कारखान्यात तिला वीतबाई म्हणतात. साचा कोणताही असो, ती आधी वीतभर उचलते आणि थांबते. मनात पाच आकडे मोजते, साखळी बघते, वजन घसरत नाही ना ते बघते, आणि मगच वर नेते. हे नियमांच्या पुस्तकात तिसऱ्या पानावर लिहिलंय. शिकताना सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. करते मात्र एकटी तीच. बाकीचे साखळी अडकवतात आणि एका दमात साचा छतापर्यंत नेतात.

महिन्याभरापूर्वी जेवताना ती म्हणाली होती, "अगं, थांबवल्यावर वजन जरा खाली बसतं."

मी ताटातून मान वर न काढता म्हटलं, "वन्सं, वजनच ते, बसणारच. उभं थोडंच राहणार?"

सगळे हसले. तीही हसली, आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या मंगळवारी तिने एक साचा पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरून वीतभर उचलला, थांबवला, आणि तो चार बोटं खाली आला. प्रेसच्या खुंटीवर आपटून साच्याची कड उडाली. कोणाला लागलं नाही, पण तो साचा नवा होता आणि त्याच्यावरचं काम पंधरा दिवस थांबणार होतं. त्याच संध्याकाळी तिला क्रेनवरून खाली उतरवलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्टोअरमध्ये जाळीच्या मागे बसून नट आणि बोल्ट वेगळे करत होती. शुक्रवारी दुपारी चार वाजता बैठक होती. तिचा क्रेन चालवायचा परवाना कायमचा काढून घ्यायचा की नाही, हे त्यात ठरणार होतं.

आणि शुक्रवारी सकाळी तिथल्या मॅनेजरसाहेबांनी बोलावलं मला, कारण तो ड्राइव्ह दोन वर्षांपूर्वी मीच बसवला होता.

"त्या तुमच्या नणंद आहेत, मला माहीत आहे," ते फोनवर म्हणाले. "पण तुम्ही कोणाची भीड ठेवत नाही, हेही माहीत आहे. ड्राइव्ह तपासा आणि काय ते लिहून द्या."

नवरा दारात उभा होता. म्हणाला, "ताईला सांभाळून घे."

"पेटीत जे असेल ते लिहीन," मी म्हटलं. खरं सांगायचं तर पेटीत काहीच निघणार नाही, याची मला खात्री होती. ती आता पन्नाशीच्या पुढे गेलीय, बोट सटकलं असेल, दुसरं काय, असंच माझ्या मनात होतं. तिच्याबद्दल वाईट वाटत होतं, पण ते वाईट वाटणं वरून दया केल्यासारखं होतं.

दहा वाजता मी पेटीचं दार उघडून लॅपटॉप जोडला. काही बिघाड झाला की ड्राइव्ह तारखेसह त्याची नोंद ठेवतो. मंगळवारची नोंद कोरी, सोमवारची कोरी, मागच्या सात आठवड्यांत एक ओळ नाही. शेजारी कारखान्याचा वायरमन उभा होता. चाळिशीचा, अबोल, खिशाला नेहमी एक छोटी डायरी. एरवी तो मला पाना-पक्कड पुढे करता करता पावसापाण्याचं बोलतो. आज तो भिंतीकडे बघत होता.

"नोंद स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"हो मॅडम," तो म्हणाला.

तरी वजन लावून बघायचं म्हणून मी खालची जागा मोकळी करायला लावली आणि दोन टनांचा लोखंडी ठोकळा मागवला. क्रेनवर त्या दिवशी पहिलवान होता. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, माणूस काडीसारखा आहे. त्याने ठोकळा एका दमात वर नेला, छताजवळ थांबवला, परत खाली आणला. तीनदा. सगळं सुरळीत. मी वहीत लिहायला घेतलं: ड्राइव्हमध्ये दोष आढळला नाही.

तेवढ्यात जाळीमागे नणंद दिसली. ती माझ्याकडे बघत नव्हती. एकेक बोल्ट उचलून डब्यात टाकत होती, आणि मला त्याचाच राग आला. निदान येऊन भांडावं तरी माणसानं. म्हटलं, थांब, तुझ्याच पद्धतीने उचलायला लावते आणि चूक नक्की कुठे होते ते सगळ्यांना दाखवते.

"वीतभर उचला आणि थांबवा," मी वर ओरडून सांगितलं.

"वीतबाईंसारखं? वेळ जातो त्यात," पहिलवान हसला, पण त्याने उचललं. ठोकळा जमिनीपासून वीतभर वर आला, थांबला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चार बोटं खाली आला.

पुन्हा करायला लावलं. पुन्हा चार बोटं. तिसऱ्यांदाही.

पहिलवानाने केबिनमधून मान बाहेर काढली. "वरती थांबवतो तेव्हाही बसत असेल की मग," तो सावकाश म्हणाला. "पण तिथे चार बोटं कोण बघायला जातंय?"

ती एकटी जमिनीजवळ थांबत होती, म्हणून ते तिच्याच हातून दिसलं होतं.

क्रेनमध्ये वजन धरणारे दोघे असतात, मोटार आणि ब्रेक. उचलताना आणि हलवताना मोटार धरते, थांबलं की ब्रेक धरतो. त्यांच्यातली अदलाबदल म्हणजे झोपलेलं बाळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देणं. दुसऱ्याने नीट घेतलंय हे कळेपर्यंत पहिल्याने सोडायचं नसतं. हा क्रम सांभाळणं ड्राइव्हचं काम. मी लॅपटॉपवर आलेख काढला. थांबायचा हुकूम मिळाल्यावर मोटारीने सोडलं तीन दशांश सेकंदाला. ब्रेकने धरलं सात दशांशला. मधले चार दशांश सेकंद दोन टन कोणाच्याच हातात नव्हते.

आता प्रश्न असा की ब्रेक एवढा उशिरा धरत असताना ड्राइव्ह गप्प का? ब्रेक मिटला, म्हणजे त्याने घट्ट धरलं, की त्याच्यावरचा एक छोटा खटका ड्राइव्हला तसं कळवतो. अर्ध्या सेकंदात ती वर्दी आली नाही तर ड्राइव्हने क्रेन अडवायची आणि बिघाडाची नोंद करायची, असं मीच ठरवून दिलं होतं. मी ते सेटिंग उघडलं. तिथे अर्ध्या सेकंदाच्या जागी दोन सेकंद होते. ब्रेकने खुशाल रमतगमत यावं, ड्राइव्ह हूं की चूं करणार नाही, असा बंदोबस्त.

"हे कोणी बदललं?" मी वायरमनवर खेकसले. "अक्कल गहाण टाकली होती का?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगितलंत."

"मी?"

त्याने खिशातली डायरी काढली, पान उलटलं आणि माझ्यासमोर धरलं. सात आठवड्यांपूर्वीची तारीख, दुपारी सव्वा वाजता. त्याखाली त्याच्या बारीक अक्षरात: ब्रेक फॉल्ट वारंवार. मॅडमना फोन. वेळ दोन सेकंद करायला सांगितली. केली. फॉल्ट बंद.

मला सगळं आठवलं. दुसऱ्या एका कारखान्यात माझे हात ग्रीसने भरलेले होते, फोन खांद्यात धरलेला. हा विचारत होता की ब्रेकचा फॉल्ट सारखा येतोय, काय करू. कधीपासून येतोय, काय बदललंय, कोणाच्या शिफ्टमध्ये येतोय, यातलं मी काहीही विचारलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. "दोन सेकंद कर, सुटेल," म्हटलं आणि फोन ठेवला. पेटी बिचारी खरं सांगत होती. तिचं तोंड मी दाबलं होतं.

लाज काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

"कोणाला सांगितलंत हे?" मी विचारलं.

"नाही मॅडम. विचारलं नाही कोणी."

वीज बंद करून, पेटीला कुलूप घालून आम्ही दोघं वर चढलो आणि ब्रेकचा डबा उघडला. आत ब्रेकला वीज देणारा एक भाग असतो, काडेपेटीएवढा. तो नवा दिसत होता.

"जुना जळला होता," वायरमन म्हणाला. "आठ आठवडे झाले. नवीन आला तसाच बसवला."

त्या भागावर दोन स्क्रू शेजारीशेजारी असतात. नवीन येताना त्यांच्यात वायरचा छोटा तुकडा जोडूनच येतो. तो असला की ब्रेकमधली वीज सावकाश मरते आणि ब्रेक रेंगाळत मिटतो. जमिनीवर माल वाहणाऱ्या पट्ट्याला ते चालतं. वजन लटकवणाऱ्या क्रेनला तो तुकडा काढून तिथे वेगळी वायर आणायची असते. याने तुकडा तसाच ठेवला होता आणि वेगळी वायर टेपमध्ये गुंडाळून बाजूला सरकवली होती. दोन बोटं लांबीचा तो तुकडा.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या घरी म्हातारी आई आहे, दोन मुली आहेत, हे मला माहीत होतं. त्याच्याकडे बघताना मला एकदम सोपी वाट दिसली. तुकडा काढायचा, माझ्या दोन सेकंदांचा गुपचूप परत अर्धा सेकंद करायचा, आणि लिहायचं की ब्रेकच्या भागात दोष होता. नणंद सुटते, मी सुटते. बुडतो एकटा वायरमन, आणि तो डायरी दाखवेल असा माणूस नाही. अर्धा मिनिट मी हा विचार खरोखर केला. लपवत नाही, असं सुरुवातीलाच म्हटलंय.

"कशाला हात लावू नका," मी त्याला म्हटलं. "आहे तसं राहू दे चारपर्यंत."

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला मॅनेजरसाहेब, चष्मा कपाळावर. भिंतीकडेच्या खुर्चीत नणंद, दोन्ही तळहात गुडघ्यांवर. तिचे हात असे रिकामे मी कधी बघितले नव्हते. वायरमन दाराशी उभा.

मी सांगितलं, ब्रेक उशिरा मिटतो. कोणीही चालवली तरी वजन चार बोटं बसतं, आलेख हा, आणि पहिलवानाला विचारा. बाई फक्त तिसऱ्या पानावरचा नियम पाळत होत्या. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देताय.

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "ड्राइव्ह बसवताना याच खोलीत तुम्ही काय म्हणाला होतात? ब्रेक जरा जरी चुकला तरी ही पेटी पकडेल. मग सात आठवडे नोंद कोरी कशी? माझ्यासमोर कोरी नोंद आहे आणि एक मोडका साचा आहे. आज सकाळीच ब्रेक बिघडला नसेल कशावरून? त्या तुमच्या नणंद आहेत, म्हणून विचारावं लागतंय."

प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मीही तोच विचारला असता, आणि जास्त वाईट शब्दांत.

"नोंद कोरी आहे, कारण मी ती कोरी करायला लावली," मी म्हटलं. "पेटी ओरडत होती. यांनी मला फोन करून विचारलं होतं. मी न बघता, न विचारता वेळ वाढवायला सांगितली. तारीख यांच्या डायरीत आहे. ब्रेकच्या नव्या भागातला वायरचा तुकडा काढायचा राहिला, ती चूक यांची. पण ती चूक पेटीने पहिल्याच दिवशी पकडली होती. मी तिला गप्प केलं नसतं तर साचा आज शाबूत असता."

वायरमनाने डायरी टेबलावर ठेवली. साहेबांनी ते पान वाचलं, मग परत वाचलं. नणंदेने त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता की काय होतं, मला समजलं नाही.

"तुमच्याकडे काम ठेवायचं की नाही ते मी नंतर बघतो," साहेब शेवटी म्हणाले. "आधी ती क्रेन नीट करा. नीट झाली हे दिसलं की या पुन्हा वर बसतील. परवान्याचा विषय संपला." मग नणंदेकडे वळून, जरा अडखळत, "तुम्हाला तीन दिवस स्टोअरमध्ये बसवलं, ते बरोबर झालं नाही."

"बोल्ट तरी लागले मार्गी," ती म्हणाली.

तुकडा वायरमनाने स्वतः काढला, मी शेजारी उभी राहून. मी टॉर्च धरली आणि त्याच्या मुलींच्या शाळेचं विचारत राहिले. त्याने टेपमधली वायर सोडवून जागेवर आणली. मी दोन सेकंदांचा परत अर्धा सेकंद केला. साहेब खाली आले, पहिलवानाला म्हणाले, "चढ, वजन लावून दाखव."

पहिलवान हलला नाही. "मी एका दमात नेतो साहेब, मला काय कळणार? त्यांना चढू द्या."

नणंद शिडीजवळ गेली. एक हात शिडीवर ठेवून थांबली आणि मला म्हणाली, "आता धरेल?"

सकाळची मी असते तर म्हटलं असतं, आलेख बघा, धरतोय. पण माझ्या शब्दाची किंमत मला दुपारीच कळली होती. "मला वाटतं धरेल," मी म्हटलं. "पण तुम्ही बघून सांगा."

ती चढली. आम्ही सगळे मागे सरलो. ठोकळा वीतभर वर आला आणि थांबला. मी जमिनीपासून उंची बघत होते. ठोकळा केसभरही हलला नाही. तिने आठ-दहा वेळा तेच केलं, रिकाम्या हुकानेही केलं, मग वजन छतापर्यंत नेऊन परत आणलं. वायरमनाने रुमाल काढून तोंड पुसलं. मी तपासणीचा कागद काढून पेनाचं टोपण उघडलं.

ती उतरली ती सरळ माझ्याकडेच आली. "धरतोय," ती म्हणाली. "पण थांबताना बारीक हिसका बसतो. त्याने साखळी झुलते."

"हा आत्ता आलाय? तुकडा काढल्यावर?"

"छे. तुझी पेटी बसवली तेव्हापासून आहे. दोन वर्षं. मधले हे आठ आठवडेच नव्हता."

"दोन वर्षं? मग सांगितलं का नाहीत?"

"कोणाला?" ती म्हणाली.

आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. खरंच विचारत होती. दोन वर्षांत मी त्या कारखान्यात सहा वेळा येऊन गेले होते. सहाही वेळा पेटीसमोर उभी राहिले, आणि मान वर करून केबिनकडे एकदाही बघितलं नव्हतं.

मी टोपण परत लावलं आणि एक स्टूल ओढून तिला दिलं. "आता सांगा. कधी बसतो? वर जाताना थांबवलं की खाली येताना?"

ती बसली आणि सांगायला लागली. खाली येताना जास्त. वजन दीड टनाच्या वर असलं की नक्की. सकाळी कमी, दुपारी जास्त. तिला ते सगळं माहीत होतं, एखाद्याला घरातल्या माणसाचा खोकला माहीत असतो तसं. मी लिहीत गेले. ऐकता ऐकता उलगडा झाला: मोटार पुरती थांबायच्या आधीच ब्रेकला हुकूम जात होता. मोटारीचा वेग किती उतरला की ब्रेक लावायचा, तेही सेटिंग माझंच, बसवताना अंदाजाने घातलेलं. ब्रेक रेंगाळत होता तेवढे दिवस ते झाकलं गेलं होतं. मी ते खाली आणलं, ती परत चढली, पुन्हा उतरली. "थोडं अजून," म्हणाली. अजून खाली आणलं. असं चारदा झालं. साहेब मधेच केव्हातरी निघून गेले, पहिलवान मात्र हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकत होता.

पाचव्यांदा उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"आता कर सही," ती म्हणाली.

मी दुरुस्ती करणाऱ्याच्या जागी केली. मग कागद आणि पेन तिच्यापुढे धरलं.

"मी कशाला? मी काय इंजिनियर आहे?"

"इथे लिहिलंय, तपासणाऱ्याची सही," मी म्हटलं. "तपासलं कोणी, वन्सं?"

मग तिने हात साडीला पुसले, कागद स्टुलावर ठेवला, आणि वाकून, एकेक अक्षर सुटं काढत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.